वाचकांचे प्रश्न : ‘पिलं कापली’ म्हणजे काय?

प्रश्न : बदलीमुळे मी नुकतीच जळगावला आले आहे. परवा बसमध्ये मागच्या बाकावरचे एक गृहस्थ शेजाऱ्याला शांतपणे सांगत होते, ‘‘चार हजारांतल्या निम्म्या निसवल्या, पण पिलं वेळेवर कापली नाहीत, तर आईला काही उरत नाही.’’ मी अक्षरशः हादरले. हा काय प्रकार असावा?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : आपण निश्चिंत असावे, बोलणे केळीचे चालले होते. आपल्या खान्देशात केळीचा बाग एकरांपेक्षा खोडांच्या संख्येने सांगण्याची रीत आहे, म्हणून ‘चार हजार’. खोडातून केळफूल बाहेर पडणे म्हणजे निसवणे, आणि जमिनीतल्या कंदापासून बुंध्याशी फुटणारे कोंब म्हणजे पिले. ही पिले मूळ झाडाचे, म्हणजेच ‘आई’चे, खतपाणी ओढून घेतात आणि घड बारीक राहतो; म्हणून ती थोड्या-थोड्या दिवसांनी विळ्याने जमिनीलगत कापावी लागतात. मात्र एकदा घड दिलेले खोड पुन्हा निसवत नसल्याने, पुढचे पीक त्याच जागी घ्यायचे असेल तर एखादे जोमदार पिलू राखले जाते, आणि त्या बागेला पिलबाग म्हणतात.

जून-जुलैत लावलेला तो मृगबाग आणि पावसाळ्याच्या अखेरीस लावलेला तो कांदेबाग, हेही लक्षात असू द्यावे. नाहीतर रावेर-यावलच्या बसमध्ये कुणी ‘कांदेबाग’ म्हणताच आपण त्याला कांद्याचा भाव विचाराल.