कार्डावर काय लिहायचं

प्रिय चिऊ,

परवा लायब्ररीतून परत येताना तू मागच्या सीटवरून विचारलंस, "बाबा, तू तर महाराष्ट्रात कधी राहिलाच नाहीस. मग मी कार्डावर खोटं लिहिलं का?" मी म्हणालो, पट्टा लाव. पट्टा तू लावलेलाच होता.

प्रत्येक घरानं हातानं केलेली एक वस्तू लायब्ररीतल्या प्रदर्शनात ठेवायची आणि खाली कार्ड लिहायचं: काय आहे, कुणी केलं, कुठलं. तू माईआजीनं पाठवलेले हलव्याचे दागिने नेलेस. एका बाजूला कुणाचं भरतकाम, दुसऱ्या बाजूला रंगवलेले मुखवटे आणि मधे आपला साखरेचा हार. 'कुठलं' ह्यापुढे काय लिहू, असं तू विचारलंस तेव्हा मीच घाईत 'महाराष्ट्र' सांगितलं. दागिने आले बडोद्याहून, करणारी आजी बडोद्याची, तिची आईही दांडिया बाजारातच वाढलेली. तेव्हा चूक असेल तर माझी आहे, तुझी नाही.

माई हलवा करायची तो थंडी पडल्यावर. शेगडीत निखारे अगदी मंद, वर परात, परातीत तीळ किंवा खसखस. चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे हलवत राहायचं. सुकले की पुढचा चमचा. दिवसचे दिवस हेच चालायचं. घाई केली की दाणा गुळगुळीत राहतो, धीर धरला तर काटा येतो. मी एकदा हट्टानं परातीपुढे बसलो आणि दोन चमचे पाक एकदम ओतला. सगळ्याचा एक गोळा झाला. माई ओरडली नाही. "ह्याचा लाडू झाला, आता तूच खा," म्हणाली. मी खाल्ला. बोटं पोळली होती हे तिला सांगितलं नाही.

दिवाणखान्यातला माझा फोटो तुला आठवतोय ना? काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, हातात हलव्याची बासरी आणि तोंड रडवेलं. तुला वाटलं होतं की बोरन्हाणात बोरं डोक्याला लागली म्हणून मी रडतोय. तसं नव्हतं. 14 जानेवारीला अख्खं बडोदं धाब्यावर असतं (आम्ही गच्चीला धाबं म्हणायचो). वर दादाकाका 'काइ पो छे' म्हणून ओरडत होता, फिरकी दुसऱ्याच कुणाच्या हातात गेली होती आणि मला खाली बायकांनी पाटावर धरून ठेवलं होतं. म्हणून रडत होतो. त्या दिवशी जेवायला उंधियु होतं आणि तीळगूळही. ह्यातलं गुजराती काय आणि मराठी काय, असा प्रश्न घरात कुणालाच पडला नाही.

पडायचा तो पुण्याला गेल्यावर. सुट्टीत मी पतंग उडवला म्हणायच्या ऐवजी "पतंग चगवला" म्हणालो की मामेभावंडं हसून लोळायची. बडोद्यात परत यावं तर शाळेत आम्ही 'दक्षिणी', म्हणजे मराठी. मला त्याचं काही वाटायचं नाही, असं मी इतकी वर्षं सांगत आलोय. वाटायचं.

लायब्ररीचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. माझे आजोबा मला मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत न्यायचे. तिथे पुस्तकांच्या कपाटांमधली जमीन जाड काचेची आहे, वरचा उजेड खाली झिरपावा म्हणून. ओळखीनं आत सोडलं की मी पाऊल टाकायला घाबरायचो. फुटेल असं वाटायचं. आजोबा चपला हातात घेऊन पुढे जायचे, बहुतेक तेही घाबरत असावेत. ही लायब्ररी सयाजीराव महाराजांची. ते मूळ नाशिककडच्या कवळाण्याचे, शेतकऱ्याचा मुलगा. 1875 साली दत्तक होऊन बडोद्याच्या गादीवर आले. आणि 1910 मध्ये लायब्ररी उभारायला त्यांनी बोर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला तो अमेरिकेतल्या न्यू हेवनहून, म्हणजे आपल्या घरापासून पाऊण तासावरच्या गावातून! पुढे पुस्तकं लाकडी पेट्यांत भरून खेड्यापाड्यांत जायची, तीही बहुतेक गुजराती बोलणाऱ्यांच्या. आता ह्या लायब्ररीखाली कार्ड लावायचं झालं तर 'कुठली' म्हणून लिहिशील?

हे वकिली उत्तर झालं, कळतंय मला. महाराजांच्या आडून मी माझीच बाजू मांडतोय.

खरं अडतं ते दुसरीकडेच. संक्रांतीला काळे कपडे का आणि दागिने साखरेचे का, हे मी माईला विचारलं होतं. ती म्हणाली, "करतात." मला तेवढं पुरलं, तुला पुरणार नाही, आणि पुरावं असं माझं म्हणणंही नाही. ताईआत्या आता दागिने विकतचे आणते. मी त्या गोळ्यानंतर परातीपुढे कधी बसलो नाही. माईची बोटं आता वाकत नाहीत, ह्या वेळचा हार तिनं तीन आठवडे लावून केला. मी स्वतः काही शिकलो नाही आणि तुझं कार्ड मात्र दुरुस्त करायला बसलोय.

नवं कार्ड हवं असेल तर लायब्ररीतल्या बाईंकडे माग. 'बडोदं' लिहिलंस तर मला आवडेल, पण नकाशात ते वडोदरा आहे हेही त्यांना सांग, नाहीतर शोधत बसतील. 'महाराष्ट्र'च ठेवायचं असेल तर तेही राहू दे. पुण्याच्या भावंडांना मी कळवणार नाही.

आणि माईचा निरोप: प्रदर्शन संपलं की दागिने खाऊन टाका, कपाटात ठेवू नका, मुंग्या लागतात. डाव्या बांगडीतले चार दाणे कमी आहेत, ते तू मोजलेस आणि पोस्टात पडले असतील म्हणालीस. पोस्टात नाही पडले. पेटी उघडली त्या रात्री मी खाल्ले.

तुझा,
बाबा