एक्स-रे स्वच्छ आला, तरी आईला बोन स्कॅन का सांगितला? त्यातलं किरणोत्सारी इंजेक्शन सुरक्षित असतं का?

आईंच्या स्तनाच्या कर्करोगाच्या तपासण्या चालू आहेत आणि इंजेक्शनाच्या नावानेच त्या घाबरल्यात, असं तुम्ही लिहिलंय. मी मुंबईत न्यूक्लिअर मेडिसिन विभागात तंत्रज्ञ आहे. ही भीती मी रोज पाहते.

एक्स-रेत किरण बाहेरून येतात, शरीरातून आरपार जातात आणि हाडांची सावली उमटते. आमच्याकडे उलटं असतं. किरण शरीरातून बाहेर येतात. आईंना ज्या यंत्राखाली झोपवतील तो गॅमा कॅमेरा स्वतः काहीच सोडत नाही, नुसता टिपतो. एवढं कळलं तरी निम्मी धास्ती जाते.

इंजेक्शनात फॉस्फेटच्या जातीचं एक औषध असतं, एमडीपी. त्याला टेक्नेशियम-९९एम हे किरण सोडणारं द्रव्य जोडलेलं असतं. हाड जिवंत असतं, सतत झिजतं आणि भरून निघतं. जिथे नवं हाड घडतंय तिथे हे औषध जास्त ओढलं जातं. कर्करोगाच्या पेशी हाडात शिरल्या की आजूबाजूचं हाड डागडुजीला लागतं, आणि आम्हाला दिसते ती ही डागडुजी. एक्स-रेत खोट दिसायला त्या जागचे साधारण ३० ते ५० टक्के क्षार जावे लागतात. तोवर डॉक्टर कशाला थांबतील? म्हणून एक्स-रे स्वच्छ असूनही स्कॅन सांगतात.

आता सुरक्षिततेचं. टेक्नेशियम दर ६ तासांनी निम्मं होतं, म्हणजे २४ तासांनी सोळावा हिस्सा उरतो. शिवाय बरंचसं लघवीवाटे निघून जातं, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. इतकं अल्पायुषी द्रव्य साठवून ठेवता येत नाही. म्हणून आमच्याकडे मॉलिब्डेनम-९९ चा जनरेटर येतो; या मॉलिब्डेनमपासून टेक्नेशियम आपोआप तयार होत राहतं. त्यातून सलाइन सोडून रोज सकाळी ताजं टेक्नेशियम काढायचं, याला आम्ही ‘मिल्किंग’ म्हणतो. गोठ्यातल्या धारेसारखंच, काढलं की काही तासांनी पुन्हा साठतं. स्कॅनमधून मिळणारी किरणांची मात्रा साधारण ४ मिलिसिव्हर्ट (हे ती मोजायचं एकक). निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतेच. आणि हा काही नवा प्रयोग नव्हे. अशाच किरणोत्सारी औषधांवर काम करणारं परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे.

मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते पुढे. चित्रात काळा डाग दिसला म्हणजे कर्करोग पसरला, असं मनाशी धरू नका. झिजलेला गुडघा, जुनं फ्रॅक्चर, मणक्यांची झीज, सगळीकडे डागडुजी चालते आणि सगळीकडे डाग उमटतो. डाग कुठे आहे, कसा पसरलाय, यावरून डॉक्टर ठरवतात. शंका असेल तर त्याच जागेचा स्पेक्ट-सीटी, म्हणजे गॅमा कॅमेरा आणि सीटी स्कॅन यांचं एकत्र त्रिमितीय चित्र, करतात. उलटही घडतं: मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगात हाड पोखरलं जातं पण भरून निघत नाही, मग बोन स्कॅन कोरा दिसू शकतो. त्या आजारात म्हणूनच दुसरी तपासणी निवडतात. रिपोर्ट हातात आला की रात्री फोनवर शोधत बसू नका, डॉक्टरांसमोर बसून वाचा.

उपाशी राहायची गरज नाही, ते पेट स्कॅनला लागतं. इंजेक्शननंतर दोन-तीन तास थांबावं लागतं. त्या वेळात भरपूर पाणी प्यायचं आणि स्कॅनच्या आधी लघवीला जाऊन यायचं, नाहीतर भरलेल्या मूत्राशयामागे कमरेची हाडं झाकली जातात. कपड्यावर लघवीचा थेंब पडला तर तोही डागासारखा दिसतो. एका आजींच्या खुब्यापाशी असाच डाग दिसला होता. परकर बदलून पुन्हा चित्र घेतलं, तर डाग नाहीसा! आजींना कळायच्या आत आम्हालाच हायसं वाटलं. त्या दिवशी लहान नातवंडांना मांडीवर घेऊ नये, गरोदर बाई घरात असेल तर थोडं अंतर ठेवावं.

आई कधी पडल्या असतील, हाड मोडलं असेल, तर इंजेक्शनआधीच सांगा. जुने एक्स-रे असतील तर तेही घेऊन जा.