ससा आणला, आता ठेवायचा कुठे?

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहतो. मुलीच्या हट्टापायी पांढरा ससा आणला. दुकानदाराने सोबत दीड फूट बाय एक फुटाचा तारेचा पिंजरा दिला, त्याचा तळही जाळीचाच आहे. ससा रात्रभर जाळी चावत बसतो आणि सारखे पाय झटकतो. तीन महिन्यांत घर बदलायचं आहे, म्हणून आत्ता मोठा खर्च नको. तोवर स्वस्तात काय सोय करता येईल?

उत्तर : पहिलं काम आजच करा. पिंजऱ्याच्या तळाला जाड पुठ्ठा घाला आणि त्यावर सुती पंचा चौपदरी पसरा. कुत्र्या-मांजरांच्या तळपायाला गाद्या असतात, सशाला त्या नसतात. असते ती फक्त दाट लव. तारेवर बसून बसून टाचेची लव झडते, खालची कातडी लाल होते आणि पुढे तिथे जखम चिघळते. मागचा पाय उचलून टाच रोज बघा. लव विरळ होऊन गुलाबी कातडी दिसू लागली की वेळीच सावध व्हा. ‘जाळीतून लेंड्या खाली पडतात, ससा स्वच्छ राहतो’ हे दुकानदाराचं म्हणणं दुकानदाराच्या सोयीचं आहे. रोज दोनशे-तीनशे लेंड्या टाकणाऱ्या जनावराच्या पायाखाली जाळी ठेवण्यापेक्षा त्याला कोपऱ्यात जायची सवय लावणं सोपं आहे. ते कसं, ते पुढे येईलच.

आता नवा पिंजरा घेऊ नका, अगदी दोन फुटीही नको. बाजारात ‘छोटीच जात आहे’ म्हणून विकलं जाणारं पांढरं, लाल डोळ्यांचं पिल्लू सहा महिन्यांत बहुतेक वेळा तीन-चार किलोंचं होतं. अंग ताणून आडवं पडलं की दोन फुटांची जागा त्यातच संपते. सशाला पूर्ण लांब होऊन झोपता आलं पाहिजे, सलग तीन उड्या मारता आल्या पाहिजेत आणि मागच्या पायांवर उभं राहताना कान वर टेकता कामा नयेत. या मापाला साध्या दुकानातला कुठलाच पिंजरा पुरत नाही. म्हणून पैसे पिंजऱ्यात न घालता खोलीचा एक कोपरा वेढून घ्या. चार बाय चार फूट जागा मिळाली तर उत्तम. चार बाय दोनच निघत असेल तर ती फक्त रात्रीपुरती धरा आणि रोज किमान तीन-चार तास खोलीत मोकळं सोडा.

वेढा दोन प्रकारे होतो. कुत्र्याच्या पिल्लांसाठी आठ पाखांचं घडीचं कुंपण मिळतं. पाखं दोन फुटी असली तर त्याचा बरोबर चार बाय चारचा चौकोन बसतो. पिल्लू मोठं झालं की लोक ते विकून टाकतात, तेव्हा जुनं शोधा. उंची मात्र अडीच फुटांच्या खाली नको, तीन फूट असेल तर निर्धास्त. खरी अडचण गजांमधल्या फटीची. दोन इंच फटीतून सशाचं पिल्लू सहज निसटतं, आणि त्याहून वाईट म्हणजे डोकं जाऊन खांद्याशी अडकतं. खालच्या एका फुटाला बारीक जाळी बांधली की हा प्रश्न मिटतो.

दुसरा प्रकार म्हणजे वेल्डमेश. हार्डवेअरच्या दुकानात तीन फूट पन्ह्याची, एक इंच चौकोनाची जाळी फुटावर कापून मिळते. चार बाय चारसाठी सोळा फूट लागते. तिचे चार-चार फुटांचे चार तुकडे करून घ्या. दुकानदाराकडे मोठा कटर असतो, तिथेच कापून घेतलेलं बरं, घरच्या पकडीने हात भरून येतात. कापताना आडव्या तारेला अगदी चिकटून काप घ्यायला सांगा, नाहीतर अर्ध्या इंचाची टोकं सुयांसारखी बाहेर राहतात. राहिलीच तर कानशीने घासा. तीन कोपरे प्रत्येकी पाच केबल टायनी आवळा. टायची शेपटी बाहेरच्या बाजूला ठेवा आणि मुळाशी कापा, कारण आत आलेलं प्लास्टिक ससा कुरतडणारच. चौथा कोपरा दार म्हणून मोकळा ठेवा आणि त्याला तीन हूक लावा. एकच हूक लावला तर ससा खालचा कोपरा नाकाने ढकलून बाहेर येतो. नव्या जस्ती तारेवर पांढरी भुकटी असते, ती जोडणीआधी व्हिनेगर आणि ब्रशने घासून धुवा. शेवटी एक बाजू पलंगाच्या पायाला किंवा खिडकीच्या गजाला बांधा. वजनाने हलका वेढा ससा रात्रीतून ढकलत दुसरीकडे नेतो आणि फट पडली की पसार होतो.

जमिनीकडे बहुतेकांचं लक्ष नसतं, आणि ससा घसरतो तो तिथेच. गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवर मागचे पाय फाकतात. वाढत्या पिल्लाला हे फार वाईट. घरातली जुनी सुती सतरंजी पुरते, पण ती वेढ्यापेक्षा चारही बाजूंनी अर्धा फूट मोठी हवी. तिची किनार जाळीबाहेर राहिली की कुरतडायला टोकच सापडत नाही. सतरंजीखाली जुनं मेणकापड घाला, तेही असंच बाहेर काढून. फोमची योगा मॅट किंवा जोडायचे रंगीत फोमचे चौकोन अजिबात नकोत. फोमचा तुकडा पोटात गेला तर आतडं तुंबतं, आणि सशाला उलटी करता येत नाही.

आता कोपऱ्याची सवय. साधारण दीड फूट बाय एक फुटाचा, पाच-सहा इंच काठाचा प्लास्टिकचा ट्रे घ्या. पिल्लू लहान असेल तर एका बाजूचा काठ तीन इंचांपर्यंत कापा आणि कड घासा. तळाला रद्दीचे सात-आठ थर, त्यावर फाडलेल्या कागदाचा इंचभर थर आणि वर मूठभर सुकं गवत. गवताचा मुख्य ढीग ट्रेच्या एका टोकाला ठेवा. ससा खाता खाता लेंड्या टाकतो, म्हणून जिथे गवत तिथेच त्याचं शौचालय होतं. पहिले दोन दिवस तो कुठला कोपरा निवडतो ते बघा आणि ट्रे तिथे सरकवा. तुम्हाला सोयीच्या कोपऱ्यात ठेवून तो ऐकेल अशी आशा धरू नका. सुताराकडचा भुसा घालू नका, त्यात प्लायचा गोंद असतो. देवदार-पाइनच्या वासाचा भुसाही नको, बंद जागेत त्याच्या तेलाने श्वास चोंदतो. मांजरीची गोळे होणारी वाळू तर पोटात जाऊन फुगते. ट्रे रोज बदला. लघवी कधीकधी नारिंगी-तांबूस दिसते, ते बहुतेक वेळा पाल्यातल्या रंगामुळे. वाळल्यावर पांढरा खडू उरतो तो चुन्याचा. ट्रेवरचा व्हिनेगरने निघतो, पण फरशी शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी असेल तर तिथे व्हिनेगर लावू नका, दगडच खरवडल्यासारखा होतो आणि घरमालक अनामत अडकवतो.

लपायला पुठ्ठ्याचा खोका द्या. त्याला समोरासमोर दोन दारं कापा, प्रत्येक साधारण सहा इंचांचं. एकच दार असलं की घाबरलेला ससा आत कोंडला जातो आणि हात घालणाऱ्याला चावतो. खोक्यावरची चिकटपट्टी आणि पिना आधी काढा. आठवड्यात खोका चिंध्या होईल. होऊ दे, किराणावाल्याकडे पुढचा फुकट मिळतो.

तुमचा तारेचा पिंजराही वाया जात नाही. दार काढून, तळाला पुठ्ठा घालून वेढ्यात ठेवा, पिल्लू सवयीने तिथे जाऊन बसेल. पाण्याला चिनीमातीचा जड वाडगा घ्या. नळीच्या बाटलीतून थेंब थेंब पिताना ससा पुरेसं पाणी पीत नाही आणि नळीच्या तोंडातली गोळी अडकली तर तुम्हाला कळतही नाही. चालायचं चाक, मिठाची वडी, रंगीत दाण्यांचं पाकीट हे काही घेऊ नका. वाचलेले पैसे गवतात घाला. खाण्याचा मोठा भाग सुकं गवतच हवं. हराळी सावलीत वाळवली तरी चालते, फक्त ती कीटकनाशक मारलेल्या बागेतली नको. लसूणघास पिल्लू सहा महिन्यांचं होईपर्यंत ठीक, नंतर तिच्यातलं कॅल्शियम जास्त होतं.

वेढ्याच्या आसपास चार्जरची वायर नको. वायर हलवता येत नसेल तर ती वायरिंगच्या पीव्हीसी पाइपात घाला. आणि बारा तासांत ससा काही खात नसेल किंवा लेंड्याच पडल्या नसतील तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा.

प्रश्न : अकोल्यात आमचं घर आहे. ससा गॅलरीत ठेवावा म्हणतो, वर हिरवं कापड बांधू. उन्हाळ्यात चालेल का?

उत्तर : नाही. सशाला घाम येत नाही, उष्णता तो मुख्यतः कानांतून टाकतो. तिशीच्या पुढे पारा गेला की त्याला धाप लागू लागते, मग बेचाळीसमध्ये हिरव्या कापडाचा काय उपयोग? मार्च ते जून त्याला घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवा, शक्यतो तळमजल्यावर. विदर्भाच्या कोरड्या हवेत कूलर चालतो, मात्र झोत अंगावर नको. एक लिटरची बाटली पाणी गोठवून जुन्या बनियनमध्ये गुंडाळून ठेवा, तो तिला टेकून पडेल. रुंद तोंडाचा माठ आडवा करून दोन विटांनी टेकवला आणि बाहेरून ओला ठेवला तर त्यात ससा दुपार काढतो. तोंड आठ इंचांहून अरुंद असेल तर मात्र नको. तोंडाभोवती ओलं, कान तापलेले, अंग सैल पडलेलं दिसलं तर कान साध्या पाण्याने ओले करा आणि डॉक्टरकडे निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, धक्क्यानेच जातो.

पावसाळ्यात गॅलरीचा दुसरा त्रास. शेपटीखाली ओल राहिली की माशी तिथे अंडी घालते, आणि एका दिवसात अळ्या कातडीत शिरतात. रोज संध्याकाळी शेपटी उचलून बघा. गवत बंद प्लास्टिकमध्ये न ठेवता उशीच्या अभ्र्यात भरून टांगा. कुबट वास आला तर सरळ टाकून द्या.

प्रश्न : सांगलीत बाजारातून सशांची ‘जोडी’ आणली, आता महिनाभराची आहेत. एकाच वेढ्यात ठेवली तर चालतील ना?

उत्तर : महिनाभराची पिल्लं आईपासून तोडायलाच नको होती, आठ आठवडे तरी दूध हवं असतं. आता तुमच्या हाती गवत सतत समोर ठेवणं आणि जुलाबावर नजर ठेवणं एवढं आहे. पातळ शी दिसली की त्याच दिवशी दाखवा.

दहा-बारा आठवड्यांपर्यंत एकत्र राहू द्या, त्याच सुमारास डॉक्टरांकडून नर-मादी तपासून घ्या. बाजारातली जोडी दोन नरांचीही निघते, आणि मग चार महिन्यांनी रक्तबंबाळ भांडण होतं. नर-मादी असतील तर मोजणी सोपी आहे: गाभणकाळ सुमारे ३१ दिवस आणि व्यायल्या दिवशीच मादी पुन्हा फळू शकते. म्हणून वेढ्यात आधीपासून मधल्या जाळीची सोय ठेवा. एकच जाळी पुरत नाही, पलीकडून नाकाला चावे बसतात. तीन इंच अंतर सोडून दोन जाळ्या लावा. नराचं खच्चीकरण केलं तरी लगेच एकत्र सोडू नका, सहा आठवडे थांबा. ससे बघणारा डॉक्टर गावात नसेल तर परळच्या किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. भूल देण्याआधी सशाला उपाशी ठेवायला सांगणारा डॉक्टर मात्र टाळा.

प्रश्न : गणपतीला आठ दिवस गावी, सावंतवाडीकडे जातो. ससा गाडीतून न्यायचा कसा आणि तिथे ठेवायचा कुठे?

उत्तर : भाजीचे प्लास्टिकचे दोन सारखे कॅरेट घ्या, दोन फूट बाय सोळा इंचांचे. एक सरळ, दुसरा त्यावर उपडा, आणि कडेने सहा ठिकाणी केबल टाय. तळाला टॉवेल, त्यावर भरपूर गवत. पाण्याचा वाडगा सांडतो, म्हणून काकडीचे तुकडे द्या आणि दर दोन तासांनी थांबून पाणी पाजा. प्रवासात उपाशी ठेवू नका. बंद गाडीत दहा मिनिटंही एकटं सोडू नका. सोबत कात्री ठेवा, टाय हाताने सुटत नाहीत.

गावच्या घरी पडवीत किंवा अंगणात वेढा करू नका. मुंगूस, मांजर, साप यांना तीन फुटांची जाळी म्हणजे काहीच नाही. माजघराचा कोपरा धरा, वेढ्यावरही जाळी टाका, आणि फटाके-ढोलाच्या बाजूची खोली टाळा.

प्रश्न : ऊस तोडताना फडात करड्या सशाचं एकटं पिल्लू सापडलं. खोक्यात ठेवलं आहे. वर लिहिता तसा वेढा करून पाळता येईल का?

उत्तर : नाही. तो रानससा आहे, पाळीव सशाची जात वेगळी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणं आणि पाळणं गुन्हा आहे. शिवाय ते पिल्लू पोरकं झालेलं नसण्याचीच शक्यता जास्त. रानसशाची आई पिल्लांना उघड्यावर दबून बसवून दूर राहते आणि अंधार पडल्यावर येऊन पाजते. जिथे सापडलं त्याच्या जवळच्या बांधावर, गवताच्या आडोशाला आज संध्याकाळच्या आत ठेवून या आणि कुत्री लांब ठेवा. हाताचा वास लागला म्हणून आई टाकत नाही. जखमी असेल किंवा फड पूर्ण मोकळा झाला असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. माणसं येईपर्यंत खोका अंधारात राहू द्या आणि गाईचं दूध पाजू नका.