नर्सिंग स्टँडर्ड्स लागू करायचे आहेत, चार्टचे नमुने कुठे मिळतील?

50 खाटांच्या रुग्णालयात एनएबीएचची (रुग्णालयाच्या दर्जाच्या मान्यतेची) तयारी चाललीय आणि तुम्हाला फॉर्म हवेत. फॉर्म कुठेही मिळतील हो. आधी एका चार्टची गोष्ट ऐका.

नोकरीचं दुसरं वर्ष, मेल मेडिकल वॉर्ड. 7 नंबरला अर्धांगवायूचे आजोबा. रात्री 8 ला ओव्हर (आधीच्या पाळीकडून पेशंटचा ताबा) घेतला आणि मावशींना सोबत घेऊन त्यांना कुशीवर केलं, तर चादर पाठीला चिकटलेली. माकडहाडापाशी रुपयाएवढी साल निघालेली. चार्ट मात्र चोख! दर दोन तासांनी उजवी कूस, डावी कूस, पाठ. एकाच पेनानं, एका दमात. रात्री 10 आणि 12 चे रकानेसुद्धा सही करून तयार. म्हणजे माझ्या ड्युटीतले.

ब्रेडन स्कोअरही होता, 21. ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नव्हती त्यांना 23 पैकी 21! यात गुण जितके कमी तितका बेडसोरचा धोका जास्त, 18 किंवा त्याखाली आलं की सावध व्हायचं. एवढंही न बघता आकडा टाकला होता.

मी नोट्समध्ये दिसलं ते लिहिलं: जागा, आकार, चादर ओली. सकाळी इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "इन्स्पेक्शन आलंय, ते पान काढ." काढलं नाही. मेमो मला मिळाला. वॉर्डाची अब्रू मी घालवली, असं त्या अजून सांगत फिरतात. ज्यांनी आधीच सह्या ठोकल्या त्यांनी नाही घालवली वाटतं!

तर, ओव्हर टेबलावर बसून घेऊ नका. खाटेपाशी उभं राहून, पेशंट वळवून, पाठ दोघींनी बघायची, मग सही. हँडरब (हात निर्जंतुक करायचं द्रव) प्रत्येक खाटेला लावा. वॉर्डाच्या टोकाला एक बाटली ठेवली तर कुणी तिथवर जात नाही. बाकी स्टँडर्ड्स पुस्तकात आहेतच.

एक मात्र कबूल करते. त्या दिवशी दुपारी 30 पेशंटमागे त्या सह्या ठोकणाऱ्या सिस्टर एकट्याच होत्या. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषानुसार साध्या रुग्णालयातसुद्धा 5 रुग्णांमागे एक नर्स हवी. एकटीनं तिसांना दर दोन तासांनी वळवायचं कसं, हे मलाही सांगता येणार नाही. म्हणून मॅनेजमेंटकडे आधी रात्रपाळीला दोन सिस्टर जास्तीच्या मागा, चार्ट नंतर छापा.