किमान वेतन आणि ओव्हरटाइमचा खर्च वाढत चाललाय, गोव्यातल्या लहान सेवाभावी संस्थेनं काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोंडा तालुक्यात वृद्धाश्रम, चौदा जणांचा स्टाफ, बहुतेकांना ‘मानधन’, आयांची पाळी बारा तासांची. देणग्या आहेत तेवढ्याच, पण किमान वेतन दर सहा महिन्यांनी वर सरकतं. पैसे कुठून आणायचे?

पैशांकडे नंतर येऊ. आधी ड्युटीचा तक्ता काढा. वृद्धाश्रमाचं बजेट बहुतेक वेळा वेतनाच्या दरानं मोडत नाही, बारा तासांच्या पाळीनं मोडतं.

हिशोबासाठी महिना १५,६०० रुपये धरतो (हा सोयीचा आकडा आहे, तुमचा खरा दर किमान वेतनाच्या सरकारी अधिसूचनेतून घ्या). भागिले २६ म्हणजे दिवसाला ६००, भागिले ८ म्हणजे तासाला ७५. ओव्हरटाइम दुप्पट, म्हणजे १५०. रोज चार तास जादा आणि महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १०४ तास. १०४ गुणिले १५० किती? बरोबर १५,६००. बारा तासांच्या पाळीतला माणूस कायद्यानं दुप्पट पगाराचा होतो.

आता चोवीस तास एक आया लागते अशी एक जागा घ्या. दोघी बारा-बारा तास, तर ६२,४०० रुपये. तरीही त्यांच्या सुट्ट्यांच्या आठ पाळ्या उरतातच. बदलीची बाई बारा तासांना १,२०० प्रमाणे घेतली तर आणखी ९,६००. एकूण ७२,०००. त्याच जागेवर आठ तासांच्या चार जणी ठेवल्या तर ६२,४००, आणि साप्ताहिक सुट्टी, आजारपण सगळं त्यात भागतं. महिन्याचे ७२० तास भागिले एकीचे २०८, म्हणजे साडेतीनच्या आत, म्हणून चौथीमुळे थोडी सवडही मिळते. मात्र आज बारा तासांचे जे पैसे हातात पडतात ते आठ तास झाले म्हणून कापू नका. त्या पैशांवर घर चालतं, आणि चांगली आया गेली की म्हातारी माणसं महिनाभर नीट जेवत नाहीत.

‘आम्ही तर बारा तासांचे १५,६००च देतो, काही होत नाही’ असं कुणी समितीत म्हटलं तर हे सांगा: वेतन संहिता (वेतनाचा नवा केंद्रीय कायदा) २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तीत थकबाकीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. वरच्या हिशोबानं एका व्यक्तीचे ५,६१,६०० रुपये होतात, आणि वर दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर, म्हणजे संस्थेवर असतो. म्हणून हजेरीत नुसतं ‘हजर’ नको, येण्या-जाण्याची वेळ आणि सही हवी. वेतनपावतीवर ओव्हरटाइमचे तास वेगळे दाखवा. रात्री ‘झोपून ड्युटी’ असेल पण हाक आली की उठायचंच असेल, तर ते तास कामाचेच धरा.

‘मानधन’ लिहिल्यानं काही सुटत नाही. ठरलेली वेळ, तक्त्यात नाव, महिन्याला ठरलेली रक्कम, रजेला परवानगी असेल तर तो कर्मचारीच. खऱ्या स्वयंसेवकाला फक्त झालेला खर्च द्या, बिलं घेऊन. मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त ही युक्तीही आता चालत नाही. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले की वरचा भाग वेतनातच धरला जातो. शिवाय पूर्वी किमान वेतन सरकारी यादीतल्या (अनुसूचित) उद्योगांपुरतं होतं, संहितेत तशी यादी नाही.

दराचं म्हणाल तर गोव्यात किमान वेतनातला महागाई भत्ता १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला बदलतो. पणजीत पाटोवर श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथून मागच्या सहा अधिसूचना मिळवा. सरासरी वाढ काढा आणि तीन वर्षांच्या प्रस्तावात प्रत्येक सहामाहीला ती लावा. पहिल्या वर्षाचाच पगार तिन्ही वर्षांना लिहिला की दुसऱ्या ऑक्टोबरपासून तूट सुरू होते.

पगारावरचा भारही प्रस्तावात हवा. दहा कर्मचारी झाले की ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), २१,००० पर्यंतच्या वेतनाला संस्थेचा वाटा ३.२५ टक्के. ग्रॅच्युइटी वर्षाला १५ दिवसांची, म्हणजे सुमारे ४.८१ टक्के. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीत ती आता एका वर्षानंतरच लागू होते, आणि प्रकल्पावरचे लोक बहुधा तसेच असतात. वीस जण झाले की पीएफ, संस्थेकडून साधारण १३ टक्के. पाळ्या आठ तासांच्या करताना तुमची संख्या विसाच्या जवळ जाईल, तेव्हा हा आकडा आधीच धरा. बोनसचं ओझं मात्र नाही. नफ्यासाठी नसलेल्या समाजकल्याण संस्थांना संहितेतल्या बोनसच्या प्रकरणातून सूट आहे. ही सूट बोनसपुरतीच, किमान वेतनाला नाही.

देणगीदाराशी बोलताना संस्था फार भिडस्तपणा करतात. वेर्णा किंवा कुंडईची कंपनी ‘सीएसआरमध्ये (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीत) प्रशासकीय खर्च ५ टक्केच’ म्हणाली तर शांतपणे सांगा की ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. तुमच्या आयांचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च. परदेशी देणगीतही २० टक्क्यांची मर्यादा प्रशासकीय खर्चाला आहे, उद्दिष्टासाठी थेट काम करणाऱ्यांचं वेतन तिच्याबाहेर राहतं. लेखापालाला ही दोन खाती वर्षाच्या सुरुवातीपासून वेगळी लिहायला सांगा, मार्चमध्ये फोड करून देऊ नका. माझ्या मते प्रस्तावात ‘एका वृद्धाचा एका महिन्याचा खर्च’ असा एकच आकडा, त्यात कायदेशीर वेतन धरून, लिहिणं सगळ्यात परिणामकारक.

मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा असतो, आणि कुणी सोडून गेलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब पुरा. अनुदान उशिरा आलं हे कारण इथे चालत नाही, म्हणून तीन महिन्यांच्या पगाराइतकी ठेव वेगळी ठेवा. वॉचमन किंवा सफाई ठेकेदारामार्फत असेल तर बिलासोबत वेतनपट मागा. ठेकेदारानं बुडवलं तर देणं तुमच्यावर येतं.

चतुर्थीचा तक्ता जुलैअखेर लावा. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम घेतलं तर दर ओव्हरटाइमचाच. चतुर्थीला काही जणी आणि नाताळला बाकीच्या, अशी अदलाबदल बहुतेक ठिकाणी जमते. ती लेखी घ्या, दोघींच्या सह्या घ्या, आणि बदली सुट्टी कोणत्या तारखेला दिली ते हजेरीपटावरच लिहून ठेवा.