सनावळीच्या आधी नकाशा उघड

युरोपातल्या सेनापतींची माहिती जमवायला लागलास, हे फार छान. पण सनावळी घोकत बसू नकोस. आधी नकाशा उघड. नेपोलियन हरला ती वॉटर्लूची लढाई म्हटलं की सगळे ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनचं नाव घेतात; मला मात्र ब्लूखरची हकिगत जास्त मोलाची वाटते. हा वेलिंग्टनच्या बाजूने लढणारा 72 वर्षांचा प्रशियन (जर्मन) सेनापती 16 जून 1815 ला लिन्यी इथे नेपोलियनकडून हरला, मेलेल्या घोड्याखाली अडकला. तरी त्याचं सैन्य घराच्या वाटेला लागलं नाही. ते वावर गावाकडे सरकलं, वेलिंग्टनच्या आवाक्यात राहिलं आणि 18 तारखेला दुपारनंतर नेपोलियनच्या उजव्या बगलेवर येऊन धडकलं. ही तीन गावं नकाशावर शोध, सगळा डाव उलगडेल.

ऐकीव गोष्टी मात्र तपासून घे. नेपोलियन बुटका नव्हता! त्याची उंची फ्रेंच इंचांत नोंदलेली होती, आणि फ्रेंच इंच इंग्रजी इंचापेक्षा मोठा. त्या मापाने त्याची उंची सुमारे 168 सेंटिमीटर भरते, म्हणजे तेव्हाच्या फ्रेंच माणसाइतकीच.

आणि वेलिंग्टन वाचताना जालना जिल्ह्यातलं असई सोडू नकोस. 23 सप्टेंबर 1803 ला तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी झालेली लढाई तो पुढेही आपली सर्वोत्तम कामगिरी मानत असे. शिंद्यांच्या तोफखान्याबद्दल जरूर वाच.