पडद्यावरचं रांधप

प्रश्न : मावशी, चतुर्थीला मुंबईहून दीर-जावा, मुलं असे सगळे येतात. आरत्या आटोपल्यावर एकत्र बसून बघायला खाण्यापिण्याचा हलकाफुलका सिनेमा सांगा. सासूबाईंना मारामारी चालत नाही, मुलांना संथ काही चालत नाही.
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : माझं पहिलं बोट 'गुलाबजाम'वर. सचिन कुंडलकरांचा, २०१८चा. आदित्य लंडनची नोकरी सोडून पुण्याला येतो आणि डबे करणाऱ्या राधाच्या मागे लागतो, मला रांधायला शिकवा म्हणून. सोनाली कुलकर्णीची ही राधा तुसडी आहे, हसत नाही, चटकन ओळख देत नाही. मला तर ती त्यामुळेच पटली. चांगलं रांधणारी बाई सिनेमात नेहमी साखरेत घोळलेली असते. फोंड्याला खाणावळ चालवत होते तेव्हा दुपारी बाराच्या सुमाराला मीही कुणाशी धड बोलत नसे. गिऱ्हाईक ताटाशी बोलायचं. मध्ये एकदा डोळ्यांत पाणी येईल, तेवढं सासूबाईंना चालवून घ्यायला सांगा.

अशा सिनेमात मी हात बघते. कांदा चिरताना सुरी दाखवली आणि लगेच नटाच्या चेहऱ्यावर उडी मारली, तर समजायचं की चिरणारा दुसराच कोणीतरी आहे. जॉन फॅवरोने २०१४च्या 'शेफ'साठी रॉय चोई या खऱ्या आचाऱ्याकडे धडे घेतले होते. त्याने मुलासाठी केलेलं साधं चीझ सँडविच बघा, तव्यावरून त्याची नजर हलत नाही. पण हा चतुर्थीत नको. घर शिवराक असताना पडद्यावर डुकराचं मांस, वर तोंडात शिव्या! गणपती पोचवून मासळी घरात आली की खुशाल बघा.

'बावर्ची' (१९७२) सगळ्यांना आवडेल. 'शांतिनिवास' नाव असलेल्या भांडकुदळ घरात आचारी टिकत नसतो, तिथे राजेश खन्नाचा रघू येतो. रांधप बेताचंच दिसतं, पण कामावरून होणारी कुरबूर अगदी अस्सल. दीर-जावा एकत्र बसल्या असतील तर जरा बेतानेच लावा हो.

प्रश्न : सिनेमातलं जेवण इतकं तकतकीत कसं दिसतं? मी बांगड्याचं हुमण केलं तर फोटोत चिखल दिसतो.
– मडगाव

उत्तर : डोक्यावरची ट्यूबलाइट बंद करा. ताट खिडकीपाशी न्या, उजेड ताटाच्या मागून किंवा बाजूने येऊ द्या. वाफ मागच्या उजेडातच दिसते, समोरून झोत मारला की गायब. शूटिंगला ताटं सजवणारा खास माणूस असतो. तो भाजी अर्धवट शिजवतो, म्हणजे फोडी मोडत नाहीत, आणि वरून ब्रशने तेल फिरवतो. एकच घास नटाला पुन्हापुन्हा खायचा असतो, म्हणून तशीच कितीतरी ताटं मागे तयार ठेवावी लागतात. फोडणीचा चुर्रर्र आवाजही पुष्कळदा नंतर स्टुडिओत भरतात. वास पाठवता येत नाही ना, मग कानावाटे भूक लावायची! ठेचलेलं तिरफळ हुमणात पडतं त्या क्षणाचं त्यांना काहीच दाखवता येणार नाही. तुमच्या घरी ते रोज फुकट आहे, फोटोचं एवढं काय घेऊन बसलात?

प्रश्न : असे सिनेमे बघून आमचे हे दर रविवारी रांधायला लागलेत. चव बरी असते. पण सहा पातेली, चार झारे, ओट्यावर पीठ, आणि आवरते मी.
– फोंडा

उत्तर : त्यांना 'रॅटाटुई' दाखवा, २००७चा. पॅरिसच्या हॉटेलात रेमी नावाचा उंदीर आचारी होतो. त्याचा जोडीदार लिंग्विनी त्या हॉटेलात लागतो तोच मुळी कचरा उचलायला. रेमी दोन पायांवर चालतो, का, तर रांधायचे पंजे जमिनीला लागू नयेत. आणि शेवटी उंदरांची फौज कामाला लागते, तीसुद्धा आधी भांडी धुण्याच्या यंत्रातून वाफेने स्वच्छ होऊन. तो प्रसंग आला की रिमोटने थांबवा आणि घासणी त्यांच्या हातात द्या. चव बरी असते म्हणालात, तर रांधप मात्र बंद करायला सांगू नका.